हाताने बसविलेले कुलूप

१९९८ ते २००२ या चार वर्षांत ज्यांनी स्वतःचा वेब सर्व्हर चालविला, त्यांना एक काम बहुधा स्वतःच्या हाताने करावे लागले. अपाची हा वेब सर्व्हर फुकट मिळत असे. तो ज्या लिनक्स प्रणालीवर चाले तीही फुकट मिळत असे. परंतु वाचकाने भरलेला परवलीचा शब्द, खाते क्रमांक वा पत्ता वाटेत कोणी वाचू नये यासाठी लागणारा कूटलेखनाचा घटक मात्र त्यात नसे. तो निराळ्या देशातून आणावा लागे, अपाचीच्या मूळ आज्ञावलीत टाके घालून शिवावा लागे आणि मग सबंध सर्व्हर पुन्हा घडवावा लागे. हे असे का होते, या प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्रात सापडत नाही. ते अमेरिकेच्या शस्त्रास्त्र-निर्यातीच्या नियमांत आहे. आम्ही उभी हयात नियम, परिपत्रके आणि शुद्धिपत्रके यांच्या सहवासात काढली, त्यामुळे असेल कदाचित, पण या इतिहासातील यंत्रापेक्षा त्यामागील कायदा आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो. तरीही आधी यंत्राविषयी चार शब्द सांगणे भाग आहे.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील महासंगणन केंद्रात, म्हणजे एनसीएसएमध्ये, रॉब मॅककूल या तरुणाने एचटीटीपीडी नावाचा वेब सर्व्हर लिहिला. १९९४च्या मध्यास तो ती नोकरी सोडून गेला आणि सर्व्हर पोरका झाला. जगभरचे संकेतस्थळ-चालक तोपर्यंत त्याच्यावर अवलंबून राहू लागले होते. ज्याला जो दोष सापडे तो त्याचे तो दुरुस्त करी आणि त्या दुरुस्तीचे ठिगळ, म्हणजे पॅच, ई-मेलने दुसऱ्यास पाठवी. फेब्रुवारी १९९५मध्ये अशा आठ जणांनी एकत्र येऊन ती सारी ठिगळे एका ठिकाणी जोडण्याचे ठरविले आणि एप्रिलमध्ये अपाची या नावाने पहिली आवृत्ती बाहेर आली. ठिगळांचा सर्व्हर म्हणून 'अ पॅची' अशी नावाची फोड पुढे लोकप्रिय झाली. नाव सुचविणाऱ्या ब्रायन बेहलेंडॉर्फ यांनी मात्र ते अमेरिकेतील मूळच्या अपाची जमातीवरून घेतल्याचे सांगितले आहे. कोटी चांगली असली की खरी व्युत्पत्ती मागे पडते, हा अनुभव भाषेच्या अभ्यासकांस नवा नाही. १९९५च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट थाऊ याने या सर्व्हरची आतली रचना पार बदलली, डिसेंबरात १.० ही आवृत्ती आली आणि एप्रिल १९९६पर्यंत अपाची हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला.

थाऊच्या रचनेचे मर्म आमच्या जुन्या परिभाषेत सांगता येईल. कचेरीत आलेला अर्ज जसा नस्तीला लागून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, तशी वाचकाची मागणी सर्व्हरमध्ये टेबलाटेबलांवरून फिरते. एक टेबल पत्ता पाहते, दुसरे मागणाऱ्याची ओळख तपासते, तिसरे कागद काढून देते, चौथे नोंदवहीत नोंद करते. प्रत्येक टेबल म्हणजे एक मॉड्यूल. नवे टेबल मांडावे, जुने काढावे. कचेरी चालूच राहते. या रचनेमुळे कोणीही स्वतःचे मॉड्यूल लिहून अपाचीस जोडू शकला. १९९८च्या जूनमध्ये आलेल्या १.३ या आवृत्तीत तर मॉड्यूल वेगळे ठेवून सर्व्हर सुरू होताना आत ओढून घेण्याची सोयही आली. मग कूटलेखनाचेही एक टेबल मांडले म्हणजे झाले, असे कोणासही वाटेल. पण ते तसे झाले नाही. कूटलिखित मागणी ही मोहोरबंद लिफाफ्यासारखी असते. ती पहिल्या टेबलावर येण्यापूर्वीच, आवक कक्षाच्या दाराशी उघडावी लागते, आणि उत्तरही जावक कक्षातून बाहेर पडताना पुन्हा मोहोरबंद करावे लागते. थाऊच्या रचनेत टेबले बदलता येत होती, आवक-जावक कक्षास हात लावता येत नव्हता. म्हणून कूटलेखन बसवायचे तर अपाचीच्या गाभ्यातच फेरफार करणे प्राप्त होते. आणि गाभा सांभाळणारी मंडळी तो फेरफार स्वतः करावयास तयार नव्हती. आता कायद्याकडे वळू.

१९९५च्या आरंभी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल नावाची पद्धत आणली. वाचकाचा संगणक आणि सर्व्हर आधी एकमेकांशी किल्ली ठरवितात आणि मग पुढचे सारे संभाषण त्या किल्लीने कूटबद्ध होते, ही तिची कल्पना. किल्लीची ताकद बिटांमध्ये मोजतात. एक बिट वाढला की शोधायच्या किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. नेटस्केपने अमेरिकेतील ग्राहकांसाठी १२८ बिटांची किल्ली दिली आणि उरलेल्या जगासाठी ४० बिटांची. ही कंपनीची लहर नव्हती. अमेरिकी कायद्याने कूटलेखनाची साधने रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांच्याच सूचीत घातली होती, आणि परवान्यावाचून त्यांची निर्यात करणे हा गुन्हा होता. ४० बिटांपर्यंतचे साधन बाहेर नेण्यास परवानगी मिळे, कारण तेवढे कुलूप अमेरिकी गुप्तहेर संस्थेस उघडता येत असे, हा त्यामागील उघड हिशेब.

पण ते कुलूप उघडण्यास गुप्तहेर संस्थेचीही गरज नव्हती. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा मोठा दिसतो. यंत्रास तो मोठा नाही. ऑगस्ट १९९५मध्ये दामिएँ दोलिगेझ या फ्रेंच संशोधकाने सुमारे १२० संगणक आणि दोन समांतर महासंगणक रिकाम्या वेळात राबवून असा एक कूटसंदेश ८ दिवसांत फोडून दाखविला. जगातील इतर सर्वांच्या व्यवहारांस अमेरिकेने जे कुलूप दिले होते त्याची योग्यता त्या दिवशी जाहीर झाली. नियम मात्र लगेच बदलला नाही. नियम चुकीचा ठरल्यानंतरही किती काळ जगतो, हे ज्यांनी सरकारी सेवा केली आहे त्यांना सांगावयास नको.

या नियमाच्या विसंगती त्या काळच्या वादांतून जितक्या स्पष्ट होतात तितक्या कोणत्याही टीकेतून होणार नाहीत. फिल कार्न नावाच्या अभियंत्याने १९९४ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे विचारणा केली की, ब्रूस श्नायर यांचे कूटलेखनावरील पुस्तक परदेशी पाठविण्यास परवाना लागतो काय? खात्याने कळविले, लागत नाही. त्या पुस्तकाच्या परिशिष्टात आज्ञावल्या छापल्या होत्या. कार्नने त्याच आज्ञावल्या एका फ्लॉपीवर उतरविल्या आणि पुन्हा विचारणा केली. यावेळी उत्तर आले की ही फ्लॉपी युद्धसामग्री आहे. मजकूर अक्षरशः तोच. कागदावर असेल तर विचार, फ्लॉपीवर असेल तर शस्त्र. फिल झिमरमन यांच्या पीजीपी या कूटलेखन-आज्ञावलीची कथा याहून प्रसिद्ध आहे. १९९१ साली ती महाजालावर पसरली म्हणून त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली आणि ती जानेवारी १९९६पर्यंत चालली. दरम्यान १९९५ साली पीजीपीची सारी मूळ आज्ञावली एमआयटी प्रेसने रीतसर पुस्तक म्हणून छापली. पुढच्या आवृत्तीच्या वेळी, १९९७ साली, छापील पाने युरोपात नेण्यात आली आणि तेथे ती स्कॅन करून पुन्हा आज्ञावलीत रूपांतरित केली गेली. ग्रंथाचे स्वातंत्र्य काय असते याचा एवढा उपयुक्त दाखला साहित्यसंस्थांच्या व्याख्यानांतून कधी दिला जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते. बर्कली येथील डॅनियल बर्नस्टीन या विद्यार्थ्याने तर थेट न्यायालय गाठले. आज्ञावली हीही एक प्रकारची अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे, असे न्यायमूर्ती मेरिलिन पटेल यांनी १९९६ साली म्हटले आणि मे १९९९मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने त्यास दुजोरा दिला.

अशा वातावरणात अपाचीच्या मंडळींनी कूटलेखनाचा घटक आपल्या गठ्ठ्यात न घेण्याचा निर्णय केला. अनेक देशांची सरकारे कूटलेखनाच्या आयात-निर्यातीवर आणि वापरावर निर्बंध घालतात; तो घटक आत घेतला तर सबंध अपाची कायद्याच्या कचाट्यात सापडेल आणि मुक्तपणे वाटता येणार नाही, असे कारण त्यांनी दिले. त्यात तथ्य होते. फ्रान्ससारख्या लोकशाही देशानेही नागरिकांच्या कूटलेखनावरील कठोर बंधने १९९९ साली शिथिल केली, त्यापूर्वी नाही. दुसरे कारण पेटंटचे होते. किल्ली ठरविण्याची आरएसए ही पद्धत अमेरिकेत २० सप्टेंबर १९८३ रोजी पेटंटबद्ध झाली होती आणि ते पेटंट सप्टेंबर २०००पर्यंत जिवंत होते. अमेरिकेबाहेर ते लागू नव्हते, कारण अर्ज करण्यापूर्वीच ती पद्धत छापून प्रसिद्ध झाली होती. म्हणजे अमेरिकेबाहेरच्यांना निर्यातबंदी आडवी, अमेरिकेतल्यांना पेटंट आडवे.

परिणाम असा झाला की हे काम अमेरिकेबाहेर गेले. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी १९९५ साली एसएसएलची पूर्ण ताकदीची, मुक्त आज्ञावली स्वतः लिहून काढली. यंगच्या नावाची आद्याक्षरे जोडून तिचे नाव एसएसएलईएवाय असे पडले. तिच्या आधारे इंग्लंडात बेन लॉरी यांनी अपाची-एसएसएल हा फेरफार तयार केला. १९९८च्या वसंतात जर्मनीच्या राल्फ एंगेलशाल यांनी लॉरींच्या कामावरून मॉड-एसएसएल हे मॉड्यूल सिद्ध केले. त्याच वर्षी यंग आणि हडसन आरएसए कंपनीच्या सेवेत गेले, तेव्हा त्यांची मागे राहिलेली आज्ञावली घेऊन डिसेंबर १९९८मध्ये ओपनएसएसएल हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या मंडळींत लॉरी आणि एंगेलशाल दोघेही होते. अमेरिकेतही सी-टू-नेट या कंपनीने स्ट्राँगहोल्ड हा विकाऊ सर्व्हर काढला होता, पण त्याचे कूटलेखन परदेशात बसून लिहिले जाई. आपल्याच देशात लिहिलेले बाहेर पाठविता येत नाही आणि बाहेर लिहिलेले आत आणता येते, अशी ही उफराटी व्यवस्था होती.

आता प्रत्यक्ष बसविण्याचे काम. आज एका आज्ञेत होणाऱ्या या गोष्टीस तेव्हा काय काय लागे, हे नव्या पिढीस सांगूनही खरे वाटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम तीन गठ्ठे गोळा करावयाचे: अपाची एका जागेवरून, ओपनएसएसएल दुसऱ्या जागेवरून, मॉड-एसएसएल तिसऱ्या. यात पहिली मेख. मॉड-एसएसएलच्या नावात दोन आकडे असत, पहिला त्याच्या स्वतःच्या आवृत्तीचा आणि दुसरा ज्या अपाचीसाठी तो शिवला आहे तिच्या आवृत्तीचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. अपाचीची नवी आवृत्ती आली की एंगेलशाल तिच्या मापाचा मॉड-एसएसएल काढीपर्यंत वाट पाहणे आले. गठ्ठे उतरवून घेतल्यावर सावध माणूस त्यांवरची पीजीपीची सही पडताळून पाही; कुलूप आणताना वाटेत कोणी बदलले तर नाही ना, याची ती खात्री. ज्या पीजीपीपायी झिमरमन यांना चौकशी सोसावी लागली, त्याच साधनाने हे पडताळावयाचे.

मग तिन्ही गठ्ठे शेजारी-शेजारी उलगडावयाचे. आधी ओपनएसएसएल: 'कॉन्फिग' म्हणावयाचे, म्हणजे ते यंत्राची जात ओळखे, नंतर 'मेक', म्हणजे सी भाषेतील हजारो ओळींचे यंत्रभाषेत रूपांतर सुरू होई. जुन्या पेंटियमवर हे चालले असता चहा पिऊन येण्यास भरपूर अवकाश मिळे. त्यानंतर 'मेक टेस्ट'. ही पायरी पुष्कळ जण गाळीत, आणि कूटलेखनाच्या बाबतीत ती गाळणे हा शुद्ध अविचार होता, कारण चुकीचे गणित करणारे कुलूप बाहेरून बरोबर कुलपासारखेच दिसते. पुढे मॉड-एसएसएलच्या निर्देशिकेत जाऊन 'कॉन्फिगर' ही आज्ञा द्यावयाची आणि तिला दोन पत्ते सांगावयाचे: अपाची कोठे उलगडली आहे आणि ओपनएसएसएल कोठे घडविले आहे. ही आज्ञा खरा शिंपी. ती अपाचीच्या मूळ आज्ञावलीतील फायली उघडून त्यांत नव्या ओळी घाली. आवक-जावक कक्षात जे दरवाजे नव्हते ते पाडी. या दरवाज्यांस एंगेलशाल यांनी विस्तारित एपीआय असे सर्वसाधारण नाव दिले होते. त्यांत कूटलेखनाचा उल्लेख नव्हता, आणि दुसरे कोणतेही मॉड्यूल त्यांचा उपयोग करू शकत असे. अमेरिकी नियमांत केवळ कूटलेखन जोडण्यासाठी ठेवलेली मोकळी जागासुद्धा नियंत्रणाखाली येत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या रचनेतील शहाणपण कळते.

यानंतर अपाचीच्या निर्देशिकेत येऊन पुन्हा 'मेक', आणि मग 'मेक सर्टिफिकेट'. सर्व्हरला स्वतःची ओळख पटविणारे प्रमाणपत्र लागते. खरे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि त्याची किंमत लहान संस्थांस परवडणारी नसे. म्हणून चाचणीपुरते एक खोटे प्रमाणपत्र मॉड-एसएसएल स्वतःच तयार करून देई. ते देणाऱ्या काल्पनिक संस्थेचे नाव एंगेलशाल यांनी 'स्नेक ऑइल' असे ठेवले होते आणि तिचे गाव 'स्नेक टाउन'. अमेरिकेतील वैदू सर्व रोगांवरचे औषध म्हणून सापाचे तेल विकत, त्यावरून भोंदू मालास हे नाव पडले आहे. आपल्याकडच्या जत्रेत मांडुळाचे तेल विकणाऱ्यांचे ते भाऊबंदच. विनोदाचा हेतू गंभीर होता. हे प्रमाणपत्र घेऊन कोणी खरा व्यवहार करू नये. तरीही पुढे कित्येक वर्षे कित्येक सर्व्हर सापाच्या तेलावरच चालले.

शेवटी 'मेक इन्स्टॉल' आणि सर्व्हर सुरू करण्याची 'स्टार्ट-एसएसएल' ही आज्ञा. आता पडद्यावर प्रश्न येई: खाजगी किल्लीचा परवलीचा शब्द काय? किल्लीची फाइलच कूटबद्ध ठेवलेली असल्याने प्रत्येक वेळी सर्व्हर सुरू होताना कोणीतरी माणूस समोर बसून तो शब्द टंकणे आवश्यक होते. आपल्याकडे वीज जाते. मध्यरात्री वीज गेली, परत आली, यंत्र आपोआप सुरू झाले आणि सकाळपर्यंत त्या प्रश्नापाशी थबकून राहिले, असे प्रकार नित्याचे होते. मग काही जण किल्लीवरचे कूटलेखन काढून टाकीत आणि फाइल केवळ मुख्य व्यवस्थापकास वाचता येईल अशी ठेवीत. हा मार्ग रास्त होता. दुसरा मार्ग आम्ही एका कार्यालयात डोळ्यांनी पाहिला आहे. तेथे परवलीचा शब्द कागदावर लिहून पडद्याच्या चौकटीस चिकटपट्टीने डकविला होता. त्या कार्यालयाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही.

हिंदुस्थानात या काळात काय चालले होते? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने महाजालाची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. लिनक्सची तबकडी १९९६पासून पीसीक्वेस्ट मासिकासोबत मिळू लागली आणि इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील अनेक तरुणांनी आपला पहिला सर्व्हर तिच्यावरून उभा केला. १९९८च्या अखेरीस खाजगी कंपन्यांस महाजालाची सेवा देण्याची मुभा मिळाली. त्यांच्या परवान्यात एक अट होती. आरएसए पद्धतीत ४० बिटांपर्यंतची किल्ली, किंवा अन्य पद्धतींत तिच्या तोडीची, विनापरवानगी वापरता येईल; त्याहून मोठी वापरायची तर पूर्वपरवानगी घ्यावी आणि उकलीची किल्ली दोन भागांत विभागून शासनाकडे ठेवावी. या अटीचा मसुदा ज्यांनी केला त्यांच्याविषयी आदर ठेवूनही म्हणावे लागते की ती विषय समजून लिहिलेली नव्हती. आरएसएच्या किल्लीचे बिट वेगळ्या मापाने मोजतात. तेथे ५१२ बिटसुद्धा दुबळे समजले जातात. ४० बिटांची आरएसए किल्ली म्हणजे १२-१३ आकडी संख्येचे दोन अवयव पाडणे, आणि हे घरगुती संगणकाचे क्षणार्धाचे काम आहे. अमेरिकेच्या नियमातील ४० हा आकडा नुसता उचलून आपल्या परवान्यात ठेवल्यासारखा दिसतो. आणि गंमत पुढेच आहे. रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ रोजी महाजालावरील बँकिंगविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ग्राहकाचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामध्ये किमान १२८ बिटांचे एसएसएल असावे, असे सांगितले. एका परवान्याप्रमाणे ४०च्या वर परवानगी हवी, दुसऱ्या सूचनेप्रमाणे १२८च्या खाली चालणार नाही. बँकांनी दुसरे ऐकले आणि पहिल्याचा कोणी पाठपुरावा केला नाही. शासकीय सेवेत ज्याला विवेक म्हणतात तो बहुतेक वेळा असाच, न लिहिता बजावला जातो. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २०००पासून अमलात आला. कूटलेखनाच्या पद्धती शासनाने ठरवाव्यात असे कलम त्यात २००८च्या दुरुस्तीने आले, आणि त्यानुसार सप्टेंबर २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला धोरणाचा मसुदा लोकक्षोभामुळे लगेच मागे घ्यावा लागला. नागरिकांनी आपले संदेश ९० दिवस उलगडलेल्या रूपात जपून ठेवावेत, अशी त्यात अपेक्षा होती.

अमेरिकेचा नियम अखेर जानेवारी २०००मध्ये सैल झाला. जी मूळ आज्ञावली सर्वांस खुली आहे ती, ठिकाण शासनास ई-मेलने कळवून, निर्यात करता येईल असे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात, पेटंट संपण्याच्या दोन आठवडे आधी, आरएसए कंपनीने आपली पद्धत सर्वांस मोकळी केली. दोन्ही अडसर एका वर्षात गेले. एप्रिल २००२मध्ये अपाचीची २.० ही आवृत्ती सर्वांसाठी आली तेव्हा तिच्यात आवक-जावक कक्षाची रचनाच नव्याने केलेली होती, आणि मॉड-एसएसएल तिच्या गठ्ठ्यातच होते. त्याच वर्षी जुलैत डेबियन या लिनक्सच्या वितरणानेही कूटलेखनाची साधने, जी तोवर अमेरिकेबाहेरच्या वेगळ्या भांडारात ठेवलेली असत, मुख्य भांडारात आणली.

पण ज्यांनी हाताने बसविले होते त्यांचे काय? हाताने बसविलेल्या वस्तूची दुरुस्तीही हातानेच करावी लागते. वितरणाची यंत्रणा तिला ओळखत नाही. ३० जुलै २००२ रोजी ओपनएसएसएलमधील गंभीर दोष आणि त्यांवरील दुरुस्त्या जाहीर झाल्या. सहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या मध्यास, त्यांतीलच एका दोषातून शिरणारा स्लॅपर हा किडा लिनक्सवरच्या अपाची सर्व्हरांत पसरला. ज्यांनी १९९९मध्ये रात्री जागून तीन गठ्ठे जुळविले होते, त्यांपैकी पुष्कळांना २००२मध्ये ते पुन्हा उलगडण्याची आठवण राहिली नव्हती. किंवा तो माणूस बदलून दुसरीकडे गेला होता आणि सर्व्हरमध्ये काय शिवले आहे हे मागे कोणासच ठाऊक नव्हते. हा दुसरा प्रकार आम्हांस अधिक ओळखीचा वाटतो. एप्रिल २०१४मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा जगातील निम्म्या व्यवहाराचे कुलूप समजले जाणारे ओपनएसएसएल पूर्णवेळ सांभाळणारा जवळजवळ एकच माणूस होता आणि वर्षाकाठी जमणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलरच्या घरात होत्या, हेही जगास कळले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी हात सैल सोडला. डिसेंबर २०१५पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्वांस फुकट प्रमाणपत्रे देऊ लागली, तेव्हा सापाच्या तेलाची गरज सरली. कुलपाचे जे लहानसे चित्र ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत दिसे ते क्रोमने २०२३ साली काढून टाकले, कारण कुलूप असणे ही आता विशेष सांगण्याची गोष्ट उरली नाही. बेळगावच्या जमिनीची पाहणीपत्रिका किंवा कोल्हापूरचा सातबारा परगावी बसून पाहणाऱ्या आपल्या मुलांस त्यामागे हे सारे आहे याचा पत्ताही नसतो, आणि असण्याचे कारणही नाही.

एक धागा मात्र राहिला. नियम २०००मध्ये सैल झाला तरी त्याच्यासाठी लिहिलेल्या ओळी आज्ञावलीत तशाच पडून होत्या. मुद्दाम दुबळ्या ठेवलेल्या, निर्यातीच्या किल्ल्या समजणारे सर्व्हर आणि ब्राउझर १५ वर्षांनीही लाखोंनी होते, कारण जुन्या गिऱ्हाइकाशी बोलता यावे म्हणून त्या ओळी कोणी काढल्या नव्हत्या. मार्च २०१५मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की मध्ये बसलेला चोर दोन्ही बाजूंस फसवून त्यांना ५१२ बिटांची ती जुनी आरएसए किल्ली वापरावयास लावू शकतो, आणि अशी किल्ली भाड्याच्या संगणकांवर सुमारे १०० डॉलरमध्ये काही तासांत फोडता येते. या दोषास फ्रीक असे नाव मिळाले. दोष असलेल्या संकेतस्थळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळही होते. मे महिन्यात लॉगजॅम नावाने त्याचाच चुलतभाऊ सापडला. ऑगस्ट २०१६मध्ये ओपनएसएसएलची १.१.० ही आवृत्ती निघाली. तिच्यातून ४० आणि ५६ बिटांच्या निर्यात-किल्ल्यांच्या ओळी काढून टाकण्यात आल्या.